एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची लीग) बघायला शिकताना: कुठले नियम बदलले, कोण कुणावर खार खाऊन आहे आणि कुठली जर्सी घेऊ नये

२०२४ च्या उन्हाळ्यात न्यूजर्सीत एका दुकानात मला न्यूयॉर्क जायंट्सची निळी जर्सी दिसली. पाठीवर २६ नंबर, वर बार्कली असं नाव, आणि किंमत अर्ध्याहून कमी. म्हटलं लॉटरी लागली. सोमवारी ऑफिसला घालून गेलो आणि लिफ्टपासूनच लोक हसायला लागले. सेक्वॉन बार्कली मार्चमध्येच जायंट्स सोडून फिलाडेल्फिया ईगल्सकडे गेला होता, म्हणजे अगदी सख्ख्या दुश्मनाकडे, आणि मी आपला पक्ष सोडून गेलेल्या आमदाराचा बिल्ला छातीवर लावून फिरतोय. त्याने पुढच्या सीझनला २,००५ यार्ड पळून काढले आणि ९ फेब्रुवारी २०२५ ला, स्वतःच्या २८व्या वाढदिवशी, ईगल्सबरोबर सुपर बोल, म्हणजे लीगची फायनलही जिंकला, ४०-२२. जर्सी अजून कपाटात आहे.

तर हे लिहायचं कारण एवढंच की नव्याने अमेरिकेत आलेल्या आपल्या लोकांनी हा मूर्खपणा परत करू नये. मी पहिली दोन वर्षं नियम पाठ करायच्या मागे लागलो होतो आणि काही म्हणजे काही डोक्यात राहायचं नाही. राहायला लागलं कधी, तर शेजारच्या टेबलावरचा माणूस एकदा तणतणत म्हणाला की हा नियम आमच्या अमुक मॅचमुळे आला. तेव्हा लक्षात आलं की या खेळात नियम आणि भांडणं वेगळी शिकायचीच नाहीत, जवळजवळ प्रत्येक नियमामागे कुणीतरी हरलेलं आहे आणि ते अजून रागात आहे.

आधी काय काय लागेल

- छतावर नाही, टीव्हीमागे चिकटवायचा साधा अँटेना. सीबीएस, फॉक्स, एनबीसी त्यावर फुकट दिसतात आणि रविवारच्या बहुतेक मॅचेस तिथेच असतात. गुरुवारची प्राइमवर, सोमवारची ईएसपीएनवर. आधी दोन महिने फुकटचं बघा, मग पैसे घालवा.
- लीगच्या साइटवरचं नियमपुस्तक, पीडीएफ, फुकट. वाचायचं नाही! अडलं की शब्द शोधायचा.
- रविवारची दुपार. घड्याळात खेळ ६० मिनिटांचा असतो, प्रत्यक्षात तीन तासांच्या वर जातो. "शेवटची दोन मिनिटं राहिलीत" असं ऐकून कुकर लावलात तर भात होऊन निवेल तरी ती दोन मिनिटं संपायची नाहीत.
- एक रागावलेला सहकारी. हे सगळ्यात महत्त्वाचं.

भारतातून बघणार असाल तर रविवारच्या दुपारच्या मॅचेस सप्टेंबर-ऑक्टोबरात रात्री साडेदहाला लागतात, नोव्हेंबरात इथली घड्याळं मागे गेली की साडेअकराला, आणि सुपर बोल सोमवारी पहाटे पाचला.

१. पहिल्या दिवशी फक्त चार डाऊन

डाऊन म्हणजे एक प्रयत्न. चार चेंडूंची ओव्हर समजा. त्या चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे जायचं, गेलात की नवी ओव्हर, नाही गेलात की बॅटिंग समोरच्याकडे. स्क्रीनवर "३ अँड ७" दिसलं म्हणजे तिसरा प्रयत्न चालू आहे आणि अजून ७ यार्ड हवेत. चौथ्या प्रयत्नाला साधारण तीनच रस्ते: बॉल लांब लाथाडून समोरच्याला मागे ढकलायचं, जवळ असाल तर खांबांमधून मारून ३ पॉइंट घ्यायचे, किंवा छातीवर दगड ठेवून खेळायचं. टचडाऊनचे, म्हणजे बॉल समोरच्याच्या टोकाच्या रेषेपलीकडे नेल्याचे, ६, त्यावर एक किक मारून १ किंवा परत एकदा घुसून २.

१० यार्ड कुठे पुरे होतात ते दाखवणारी टीव्हीवरची पिवळी रेघ मैदानावर नसते. मी पहिल्यांदा स्टेडियमला गेलो तेव्हा ती शोधत बसलो होतो, शेजारच्या आजोबांनी विचारलं काय हरवलंय.

बाकी होल्डिंग, फॉल्स स्टार्ट वगैरे पहिल्या महिन्यात सोडून द्या, पिवळा रुमाल पडला की काहीतरी चुकलंय एवढं पुरे.

२. कुणाचं कुणाशी वाकडं आहे ते डिव्हिजनवरून ओळखा

३२ टीम, दोन कॉन्फरन्स, प्रत्येकीत चार डिव्हिजन, प्रत्येक डिव्हिजनमध्ये चार टीम. सीझनला १७ मॅचेस असतात आणि आपल्या डिव्हिजनमधल्या तिघांशी प्रत्येकी दोनदा खेळावंच लागतं, एकदा आपल्याकडे, एकदा त्यांच्याकडे. वर्षातून दोनदा, दरवर्षी, पिढ्यान्‌पिढ्या तेच चेहरे, मग वैर होणार नाही तर काय. भावकीसारखंच आहे, बांध एकच.

आमच्या इकडची डिव्हिजन म्हणजे एनएफसी ईस्ट: जायंट्स, ईगल्स, वॉशिंग्टन आणि डॅलस काउबॉयज. डॅलस टेक्ससमध्ये असून ईस्टमध्ये कसं, हा प्रश्न मलाही पडला होता. ती टीम १९६० ला आली तेव्हाच्या गाठी अजून सोडवलेल्या नाहीत एवढंच, पण त्या वेळचा किस्सा ऐकण्यासारखा आहे. वॉशिंग्टनचा मालक डॅलसला टीम द्यायला विरोध करत होता, तर डॅलसवाल्याने वॉशिंग्टनच्या टीमच्या गाण्याचे हक्कच गुपचूप विकत घेतले. गाणं परत हवं तर मत दे! मत मिळालं. दुश्मनी पहिली मॅच व्हायच्या आधी सुरू झालेली.

न्यूजर्सीत राहणार असाल तर हे नीट वाचा. जायंट्स आणि जेट्स नावाला न्यूयॉर्कचे, दोघांचं स्टेडियम एकच आणि तेही न्यूजर्सीत, ईस्ट रदरफोर्डला. राज्याचा उत्तरेकडचा भाग त्यांचा, दक्षिण ईगल्सची, आणि एडिसनच्या आसपास जिथे आपली निम्मी मंडळी राहतात तिथे सरमिसळ. एकाच गल्लीत एका दारावर निळा झेंडा, समोर हिरवा. ऑफिसच्या पॉटलकला मी आईने विणलेला बाटली-हिरवा स्वेटर घालून गेलो, काही विचार न करता, तर जायंट्सवाल्या एका काकांनी माझ्या साबुदाणा खिचडीकडे संशयाने बघितलं. अर्ध्या तासाने दुसऱ्यांदा घेतली ते सोडा.

जायंट्स आणि ईगल्स या दोघांची गोष्ट सांगायची तर १९ नोव्हेंबर १९७८ पासून सांगावी लागते. जायंट्स १७-१२ ने पुढे, जेमतेम अर्धा मिनिट शिल्लक, ईगल्सकडे टाइमआउटसुद्धा उरलेला नाही. बॉल घेऊन खाली बसले असते तरी मॅच संपली होती. पण वरून हुकूम आला की प्ले खेळा, क्वार्टरबॅक (बॉल आधी ज्याच्या हातात येतो आणि जो तो फेकतो किंवा देतो तो खेळाडू) जो पिसार्चिक बॉल दुसऱ्याच्या हातात द्यायला गेला तो निसटला, टप्पा पडला आणि ईगल्सच्या हर्म एडवर्ड्सने उचलून २६ यार्ड पळत नेला. १९-१७. हुकूम देणाऱ्या कोचची दुसऱ्या दिवशी नोकरी गेली. आज जिंकणारी टीम शेवटी दोन बाजूंना माणसं उभी करून नुसता गुडघा टेकवते ना, ती पद्धत सगळीकडे पक्की झाली ती या फजितीनंतर. नवखा माणूस म्हणतो "हे काय, खेळत का नाहीत?" तर यामुळे खेळत नाहीत.

आणि एवढं होऊन १९ डिसेंबर २०१० ला त्याच गावात ईगल्स ३१-१० ने मागे असताना शेवटच्या आठेक मिनिटांत चार टचडाऊन करून ३८-३१ ने जिंकले, शेवटचा तर डिशॉन जॅक्सनने घड्याळ शून्यावर असताना केला, रेषेवर आल्यावर आत न शिरता आधी रेषेला समांतर पळत गेला, मुद्दाम. जायंट्सवाल्यांसमोर ही तारीख काढू नका.

शिकागोकडे असाल तर बेअर्स आणि ग्रीन बे पॅकर्स, १९२१ पासून चालू आहे. ग्रीन बे हे लाखभर वस्तीचं गाव आणि टीमला मालक नाही, लाखो सामान्य लोकांकडे शेअर आहेत, पण लाभांश शून्य. इलिनॉयवाले विस्कॉन्सिनच्या लोकांना चीजहेड म्हणून हिणवायचे, तर त्यांनी चीजच्या तुकड्यासारखी टोपीच करून डोक्यावर घातली. ऑक्टोबर २०२१ मध्ये पॅकर्सच्या ॲरन रॉजर्सने शिकागोच्याच मैदानात टचडाऊन केल्यावर प्रेक्षकांकडे बघून ओरडून सांगितलं की तुमचा मालक मीच होतो आणि अजूनही मीच आहे. माइकवर स्वच्छ ऐकू आलं ते.

बाल्टिमोर-क्लीव्हलँडचं दुखणं निराळंच. १९८४ च्या मार्चमध्ये बाल्टिमोरची कोल्ट्स टीम एका रात्रीत सामान ट्रकांत भरून इंडियानापोलिसला निघून गेली. बाल्टिमोर बारा वर्षं रडलं आणि मग १९९६ ला क्लीव्हलँडची टीम स्वतःकडे आणून तिचं नाव रेव्हन्स ठेवलं. क्लीव्हलँडला ब्राउन्स या जुन्याच नावाने नवी टीम १९९९ ला मिळाली. आता हे दोघे एकाच डिव्हिजनमध्ये, वर्षातून दोनदा समोरासमोर.

३. नियम कोण बदलतं हे माहीत करून घ्या

रेफरी नाही, कमिशनर एकटा नाही. आधी कॉम्पिटिशन कमिटी किंवा एखादी टीम प्रस्ताव आणते, मग मार्चअखेरच्या बैठकीत ३२ मालक मत देतात आणि ३२ पैकी २४ मतं लागतात. उरलंसुरलं मे महिन्यात. म्हणजे मे संपला की एकदा त्या वर्षीचे बदल बघून घ्यायचे, पंधरा मिनिटांचं काम आहे, आणि सप्टेंबरात ऑफिसात निम्म्या लोकांपेक्षा तुम्हाला जास्त माहीत असतं. थापा मारत नाही, लोक खरंच बघत नाहीत.

४. ओव्हरटाइम, शांतपणे

इथेच सगळे अडकतात म्हणून जरा लांब लिहितोय. पूर्वी असं होतं की ओव्हरटाइममध्ये, म्हणजे बरोबरी झाल्यावरच्या जादा वेळात, टॉस जिंकून पहिल्याच फेरीत टचडाऊन केला की मॅच संपली, समोरच्याच्या हातात बॉल येणारच नाही. जानेवारी २०१९ मध्ये कॅन्सस सिटी चीफ्स असेच पॅट्रियट्सकडून हरले, ३७-३१, त्यांचा मुलखावेगळा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स बाहेर उभा राहून बघत होता. चीफ्सनी लगेच प्रस्ताव आणला की दोघांनाही बॉल द्या. बारगळला.

मग जानेवारी २०२२. चीफ्स विरुद्ध बफेलो बिल्स. बिल्स पुढे गेले तेव्हा फक्त १३ सेकंद उरलेले, तेवढ्यात चीफ्सनी बरोबरी केली, ओव्हरटाइमचा टॉस जिंकला आणि पहिल्याच फेरीत टचडाऊन, ४२-३६. या वेळी बाहेर उभा होता बिल्सचा जॉश ॲलन. ज्या नियमावर चीफ्स तीन वर्षं कुरकुरत होते त्यानेच त्यांना तारलं. २०१९ चा क्रिकेट वर्ल्ड कप आठवा, चौकार मोजून निकाल लावला, लोक खवळले आणि आयसीसीने तो नियम काढून टाकला, तसंच इथेही दोन महिन्यांत प्लेऑफसाठी नियम बदलला: दोघांनाही एकेकदा बॉल मिळणारच.

गंमत पुढे आहे. फेब्रुवारी २०२४ चा सुपर बोल ओव्हरटाइममध्ये गेला, फॉर्टीनायनर्स विरुद्ध परत चीफ्स. फॉर्टीनायनर्सनी टॉस जिंकून बॉल आधी घेतला, ३ पॉइंट केले. आता चीफ्सना नेमकं किती हवंय ते ठाऊक, त्यांनी टचडाऊन करून २५-२२ ने कप नेला. नंतर फॉर्टीनायनर्सच्याच काही खेळाडूंनी सांगितलं की नियम बदललाय हे आम्हाला माहीत नव्हतं. त्यामुळे तुम्हाला माहीत नसेल तर लाजू नका.

लक्षात काय ठेवायचं: २०२५ पासून साध्या सीझनलाही दोघांना संधी मिळते, मात्र तिथे ओव्हरटाइम १० मिनिटांचाच असतो आणि त्यात निकाल लागला नाही तर मॅच टाय. सप्टेंबर २०२५ मध्ये पॅकर्स-काउबॉयज ४०-४० वर सुटली. प्लेऑफमध्ये टाय नाही, निकाल लागेपर्यंत खेळायचं.

५. किकऑफ बघून टीव्ही अडकलाय असं समजू नका

किकऑफ म्हणजे खेळ सुरू करायला किंवा पॉइंट झाल्यावर बॉल समोरच्याकडे मारायचा ती किक. २०२४ पासून तिचा लहानपणीचा स्टॅच्यूचा खेळ झालाय. किक मारणारा एकटा आपल्या टोकापासून ३५ यार्डावर, त्याचे उरलेले दहा जण पार पुढे, समोरच्यांच्या ४० यार्डावर, त्यांच्यापुढे पाच यार्डांवर समोरच्यांची रांग. बॉल पलीकडे जमिनीला किंवा माणसाला लागेपर्यंत या दोन्ही रांगांनी हलायचं नाही. मी चक्क रिमोट आपटला होता.

कारण साधं आहे. पूर्वी दोन्हीकडचे लोक मैदानभर धावत येऊन एकमेकांवर आदळायचे आणि डोक्याला मार बसायचा. तो टाळायला नियम कडक करत गेले तर बॉल नुसता एन्ड झोनमध्ये (टोकाच्या रेषेपलीकडच्या पट्ट्यात) जाऊन पडायला लागला, २०२४ च्या फेब्रुवारीतल्या त्या सुपर बोलमध्ये तर एकही किक कुणी पळवत आणली नाही. म्हणून एक्सएफएल नावाच्या छोट्या लीगची युक्ती उचलली. पहिल्या वर्षी बॉल थेट एन्ड झोनमध्ये मारला तर समोरच्याला ३० यार्डावरून सुरुवात मिळायची, तेवढं सोसायला टीम तयार होत्या, म्हणून २०२५ ला ते ३५ केलं. मग लोक मुकाट्याने बॉल मैदानात टाकायला लागले.

इथला सापळा: स्वतःच छोटी किक मारून बॉल परत पळवायची जुनी युक्ती, ऑनसाइड किक, आता अचानक करता येत नाही. २०२५ च्या नियमाप्रमाणे मागे पडलेल्या टीमनेच करायची आणि तीही आधी सांगून. सांगून केलेली चोरी, काय मजा राहिली!

६. टश पुश: मत मांडण्याआधी समोरचा कुठल्या टीमचा ते विचारा

एखादाच यार्ड हवा असतो तेव्हा ईगल्सचा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स वाकून घुसतो आणि मागून दोघं-तिघं त्याला ढुंगणाला हात लावून ढकलतात. बस, एवढाच प्ले. कबड्डीत साखळी रेडरला मागे खेचते त्याच्या बरोब्बर उलटं. ईगल्सचा इतक्या वेळा यशस्वी व्हायला लागला की २०२५ मध्ये पॅकर्सनी तो बंद करायचा प्रस्ताव आणला. २२ मतं बाजूने, १० विरोधात. २४ हवी होती. दोन मतांनी राहिला.

प्रस्ताव आणणारे पॅकर्स त्याच जानेवारीत प्लेऑफमध्ये ईगल्सकडून हरले होते हे ईगल्सवाले हटकून सांगतात. पॅकर्सवाले म्हणतात प्रश्न सुरक्षेचा आहे. माझं मत विचाराल तर इतरांना जमत नाही म्हणून बंद करा हे मला पटत नाही, पण मी ते ऑफिसात बोलत नाही.

७. रिप्ले, लाल रुमाल, मोजणी

पिवळा रुमाल रेफरीचा, लाल रुमाल कोचचा. लाल म्हणजे आपल्याकडचा डीआरएस: मॅचला दोन, २०२४ पासून त्यातला एक बरोबर निघाला तरी तिसरा मिळतो. शेवटच्या दोन मिनिटांत कोचला मागता येत नाही, वरच्या बूथमधून ठरतं. सगळं रिव्ह्यूला जात नाही. २०१९ च्या जानेवारीत न्यू ऑर्लिन्समध्ये रॅम्सच्या खेळाडूने बॉल यायच्या आधीच सेंट्सच्या माणसाला आडवं केलं, सगळ्या देशाने बघितलं, रेफरीने नाही. रॅम्स जिंकले. मग त्या प्रकाराचा रिव्ह्यू एक वर्ष चालू करून बघितला, गोंधळ झाला, बंद केला. न्यू ऑर्लिन्सचा माणूस भेटला तर हा विषय तुम्ही काढायची गरज नाही, तोच काढेल.

१० यार्ड पुरे झाले का हे मोजायला साखळी घेऊन माणसं यायची, २०२५ पासून ते काम मुख्यतः हॉक-आयचे कॅमेरे करतात. हो, तोच एलबीडब्ल्यूवाला. साखळीवाले कडेला असतात अजून, जोड म्हणून.

८. शनिवार आणि रविवार मिसळू नका

शनिवारी कॉलेज, रविवारी एनएफएल, दिसायला एकच, नियमांत फरक. एनएफएलमध्ये झेल घेताना दोन्ही पाय रेषेच्या आत हवेत, कॉलेजला एक चालतो. कॉलेजला गुडघा टेकला की प्ले संपला, एनएफएलमध्ये समोरच्याने हात लावलेला नसेल तर उठून पळता येतं. हे माहीत नसल्यामुळे मी एकदा घरभर "आउट आउट" ओरडलो होतो आणि तो बाबा उठून टचडाऊन करून आला.

९. मॅचला जाताना

तिकीट फोनवर, कागद चालत नाही, स्क्रीनशॉटवर तर मुळीच विसंबू नका, आणि फोन चार्ज करून न्या. बियर घेणार असाल तर वय कितीही दिसत असलं तरी फोटो आयडी. आणि पिशवी. पिशवीबद्दल मी हात जोडून सांगतो. एनएफएलच्या सगळ्या स्टेडियममध्ये पारदर्शक पिशवीच चालते, १२ इंच बाय १२ इंच बाय ६ इंचापर्यंत, नाहीतर तळहाताएवढी पर्स. मी एका स्टेडियमच्या गेटवर खांद्याला शबनम अडकवून पोचलो, आत स्वेटर, पाण्याची बाटली, बायकोने दिलेला चिवडा. परत पार्किंगपर्यंत चालत जा, गाडीत टाक, परत रांगेत उभा राहा, पहिला क्वार्टर गेला. किराणा दुकानात मिळणारी एक गॅलनची झिपलॉक पिशवीसुद्धा चालते, आता मी तीच नेतो, चिवड्यासकट सगळं आरपार दिसतं.

पाहुण्या टीमचे रंग घालून पहिल्याच वेळी जाऊ नका, विशेषतः फिलाडेल्फियाला. कुणी मारत नाही, पण तीन तास ऐकून घ्यावं लागतं. राखाडी घाला. आणि सप्टेंबरातली रविवारची तिकिटं काढण्याआधी मंडळाच्या गणपतीची तारीख बघा, माझं दोनदा विसर्जन आणि एक वाजताची मॅच एकावर एक आलंय, आरतीच्या वेळी खिशातला फोन थरथरत होता.

१०. जर्सी सगळ्यात शेवटी

घ्यायच्या आदल्या रात्री खेळाडूचं नाव टाकून तो अजून त्याच टीममध्ये आहे का बघा. मार्चमध्ये तर घेऊच नका, तेव्हा सगळी उलथापालथ चालू असते. फार स्वस्त मिळत असेल तर दुकानदार दानशूर झालाय असं समजू नका. सगळ्यात सुरक्षित म्हणजे कधीच निवृत्त झालेल्या म्हाताऱ्या खेळाडूची घ्या, तो कुठे पळून जात नाही.

माझी बार्कलीची निळी मुलगी आता पायजम्यावर घालून झोपते. ती ईगल्सची आहे. म्हणते नंबर तर तोच आहे ना बाबा, रंगाचं रात्री कुणाला दिसतंय.